सातवी जोडी

ठसेबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलंच नव्हतं. पगाराच्या कागदावर ते नाव असायचं, तेवढंच. पोलिसांच्या ठसे विभागात चौतीस वर्षं काढल्यावर माणसाचं नाव गळून पडतं आणि काम चिकटतं, तसं झालेलं. तळमजल्यावरच्या कँटीनवाल्यापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे ठसेबाईच म्हणत, आणि त्याही फोन उचलून खुशाल "ठसेबाई बोलतेय" असं सांगत.

काम काय, तर बोटं वाचायची. चोरी झाली, मारामारी झाली, की तिथल्या काचेवर, कपाटावर, पेल्यावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा राहून गेलेला असतो. त्यावर काळी भुकटी मारून तो चिकटपट्टीवर उचलून आणतात. मग तो मोठा करून संशयिताच्या बोटाच्या ठशाशेजारी ठेवायचा आणि सांगायचं, हा तोच आहे की नाही. शंख आहे की चक्र आहे हे शेंबडं पोरही सांगेल. बाईंचं काम त्याच्या पुढचं. कुठे रेष मध्येच संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे दोन रेषांमध्ये एखादा ठिपका अडकलेला असतो, अशा खुणा शोधायच्या. दोन्हीकडे बारा खुणा जुळल्या की सही. अकरावर बाईंनी कधी सही केली नाही, आणि हे त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या.

हे डोळे त्यांना वडिलांकडून मिळाले होते. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आणि बाई लहानपणी वडिलांच्या टेबलाखाली बसून वाढलेल्या, त्यामुळे सुलट अक्षरांच्या आधी त्या उलटी वाचायला शिकल्या. शाळेत पहिल्या दिवशी पाटीभर उलटं लिहून ठेवलं आणि मार खाऊन घरी आल्या. वडील हसले नाहीत. म्हणाले, हिला कुठेतरी उपयोग होईल याचा.

उपयोग घरात तर फारच झाला. बाईंच्या घरी चोरी करायची सोयच नव्हती. बिस्किटांच्या डब्याला कुणाचा हात लागला हे त्या खिडकीकडे डबा तिरपा धरून सांगायच्या. मुलगा आठ वर्षांचा असताना एकदा लोकरीचे हातमोजे घालून बिस्किटं खाताना सापडला होता, ऐन उन्हाळ्यात. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, तो म्हणायचा, "मी आयुष्यभर सरळ वागलो ते काही सज्जन म्हणून नाही हो, घरात पुरावा राहतो म्हणून." हे तो आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचा आणि बाई दर वेळी नवीन ऐकल्यासारख्या हसायच्या.

कोर्टात त्यांनी साडेतीनशेच्या वर साक्षी दिल्या. वकिलांनी आडवेतिडवे प्रश्न विचारावेत आणि बाईंनी चष्मा पुसून एकच उत्तर द्यावं: "ठसा याच माणसाचा आहे. शंका नाही." त्यांचा शब्द एकदाही फिरला नव्हता. आता एखाद्याला याचा अभिमान वाटला तर त्यात चूक काय? बाईंना वाटायचाच, आणि त्या तो लपवायच्याही नाहीत.

बारा वर्षांपूर्वी यंत्र आलं. आधी लाखभर कार्डं हाताने चाळावी लागायची, ती आता यंत्र चाळू लागलं. ठसा आत घालायचा, वरच्या खुणा दाखवून द्यायच्या, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वीस जणांची यादी समोर. हे वीस जण सगळ्यात जवळचे, एवढंच ते सांगतं. त्यातला नेमका कोण, की कुणीच नाही, हे माणसाने ठरवायचं. त्यासाठी नियम असा होता, की एकाने ठरवल्यावर दुसऱ्याने तेच काम पहिल्याचं उत्तर न बघता नव्याने करायचं आणि मगच दुसरी सही करायची.

नियम झकास होता. पण ऑफिस कधी नियमावर चालतं का? ते चालतं सवयीवर. बाई मोठ्या केलेल्या फोटोवर जुळलेल्या खुणांना लाल पेन्सिलीने टिंबं द्यायच्या, शेजारी एक ते बारा आकडे घालायच्या आणि तोच फोटो पलीकडच्या टेबलावर सरकवायच्या. पलीकडे जोडीदार बसायचे. बाईंनंतर दोन वर्षांनी लागलेले, गरीब स्वभावाचे, पोटाच्या तक्रारींनी गांजलेले. ते टिंबांवरून नजर फिरवायचे, मान हलवायचे आणि सही ठोकायचे. "बाईंनी बघितलंय ना, मग मी वेगळं काय बघणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाईंनाही त्यात वावगं वाटत नसे. उलट थोडं बरंच वाटे, खोटं कशाला बोला.

निवृत्तीचा शुक्रवार चार दिवसांवर आला.

या विभागात एक जुनी मजा होती. जाणाऱ्याची शेवटच्या आठवड्यात परीक्षा घ्यायची. निकाल लागून गेलेल्या जुन्या केसेसमधून ठशांच्या दहा जोड्या काढायच्या, नाव आणि नंबर कागदाच्या पट्टीने झाकायचे, आणि जाणाऱ्याने सगळ्यांसमोर भिंग घेऊन बसायचं. दहापैकी दहा बरोबर आले तर केक साहेबांकडून, एक जरी चुकला तर ज्याचा त्याने आणायचा. आजवर बहुतेकांनी आपापलाच केक आणला होता.

बाईंची परीक्षा काढायचं काम नवीकडे आलं. नवी म्हणजे आठ महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, बाईंच्याच हाताखाली शिकलेली आणि त्यांच्यावर जीव टाकणारी. तिने मनाशी ठरवलं, दहातली एक जोडी बाईंच्या सगळ्यात गाजलेल्या केसमधली ठेवायची. लिफ्टवाल्याची केस. नव्या लोकांना ती शिकवतात, एवढी गाजलेली. पट्टी उचलली की बाई खूश होतील. टिंबं दिलेला फोटो ठेवला तर लगेच ओळखतील, म्हणून तिने मूळ फाइल शोधून त्यातून कोरे फोटो छापून आणले. पोरीने हे सगळं प्रेमापोटी केलं.

मंगळवारी दुपारी टेबलाभोवती सगळे जमले. पहिल्या सहा जोड्या बाईंनी गप्पा मारता मारता उडवल्या. चौथ्या जोडीत मुद्दाम वेगळ्याच माणसाचा ठसा घातला होता, तो त्यांनी भिंग न लावताच बाजूला सारला. जोडीदार म्हणाले, "साहेब, केक सांगून ठेवा." साहेब म्हणाले, "थांबा हो, चार बाकी आहेत."

सातव्या जोडीला बाई थोड्या थांबल्या. भिंग एका फोटोवरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. दोनेक मिनिटं गेली असतील.

"जुळत नाही," त्या म्हणाल्या.

नवीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "नक्की, बाई?"

"नक्की म्हणजे? इकडे ये, बघ. इथे रेषेला फाटा आहे, आणि त्याच जागी तिथे रेष सरळ निघून गेलीये. हा ठिपका इकडे आहेच कुठे? वरवर सारखं दिसतं म्हणून यंत्र फसेल. माणसाने फसायचं काय कारण? ज्याने कुणी हे जुळवलं असेल ना, त्याला आधी डोळे तपासून यायला सांगा."

सगळे खो खो हसले. नवी म्हणाली, "बाई, आपण पुढची बघू."

"छे, पट्टी काढ. कुणी दिवे लावलेत बघू तरी."

नवी काही पट्टीला हात लावेना. तेव्हा बाईंनी स्वतःच नखाने ती उचकटली. खाली केसचा नंबर होता, नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती, "जुळतो" असा शेरा होता, आणि त्याखाली शेवटच्या अक्षराला लांब शेपटी असलेली सही. ती शेपटी ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीची होती.

साहेबांचा हसरा चेहरा तसाच राहून गेला, तो बदलायचं त्यांना सुचलंच नाही. बाईंनी आधी वाटलं ते बोलून टाकलं. "फोटो बदललाय. नवी, तू चुकीचा फोटो लावलास."

"नाही बाई," नवी रडवेली होऊन म्हणाली. "मी तीनदा बघितला."

बाईंनी मूळ फाइल मागवली. टिंबं दिलेले जुने फोटो आणि आजचे कोरे फोटो शेजारी ठेवले. चारही फोटो तेच होते. मग त्या बसल्या, त्या सहा वाजेपर्यंत उठल्या नाहीत. आणि त्या तीन तासांत त्यांना एक गोष्ट कळली. टिंबांचा फोटो बघितला की बारा खुणा स्पष्ट दिसायच्या. टिंबं नसलेला बघितला की सहाच दिसायच्या, आणि त्यातल्याही दोन वादाच्या. डोळे तेच, भिंग तेच. जिथे लाल टिंब होतं तिथे रेषेला फाटा फुटलेला दिसायचा, आणि टिंब नसलं की तिथे नुसता धुरकट डाग असायचा. चौतीस वर्षं ज्या डोळ्यांच्या जिवावर काढली, ते डोळे असे निघाले.

आणि आता त्यांना तो दिवसही आठवला. एकटी राहणारी एक म्हातारी दंतवैद्य, पाचव्या मजल्यावर, चोराशी झटापट होऊन मेलेली. स्टीलच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने एक अंगठा. यंत्राने वीस नावं दिली. इमारतींत काम करणाऱ्या सगळ्या कारागिरांचे ठसे तेव्हा नोंदवून घेतलेले, त्यामुळे तिसऱ्या नंबरवर एक लिफ्ट दुरुस्त करणारा आला. आणि त्याच आठवड्यात त्याने त्याच इमारतीतली लिफ्ट दुरुस्त केली होती. तपास अधिकारी बाईंच्या खुर्चीमागे उभे होते. "बाई, हाच ना? सगळं जमतंय. फक्त तुमचं यायचंय." मग बाईंनी भिंग लावलं होतं. आधी नाव कानात गेलं आणि मग खुणा दिसल्या. लिफ्टवाला शेवटपर्यंत सांगत राहिला की मी त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. दुसरा पुरावा असा काही नव्हताच. त्याला जन्मठेप झाली, आणि तो आजही आत होता.

जोडीदार निघायच्या तयारीत होते. बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही तेव्हा काय बघितलं होतं?"

ते डब्याची पिशवी हातात धरून उभे राहिले. "खरं सांगू? टिंबं."

घरी बाईंनी ताट समोर घेतलं आणि तसंच ठेवलं. नवऱ्याने कारण विचारलं, त्यांनी सांगितलं. तो मास्तर माणूस, समजूत काढायची सवय. म्हणाला, "अगं, माणूस आहे, चुकतो."

"चुकतो हो. पण मी भर कोर्टात शपथेवर सांगितलं होतं, की चुकूच शकत नाही."

भूगोलाच्या मास्तरांनी दोघांची ताटं उचलून झाकून ठेवली.

बुधवारी सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांनी तो अंगठा पुन्हा यंत्रात घातला, या वेळी कोऱ्या फोटोवर दिसलेल्या खुणाच फक्त दाखवून. यादी आली. लिफ्टवाला विसात कुठेच नव्हता. पहिलं नाव ज्याचं होतं त्याच्या पुढच्या रकान्यात "पोलीस कर्मचारी" असं लिहिलेलं होतं. गेल्या वर्षी खात्यातल्या सगळ्यांचे ठसे यंत्रात घेतले होते, म्हणून ते आलं. नऊ वर्षांपूर्वी येणं शक्यच नव्हतं.

बाईंनी नवीला बोलावलं, यादी झाकली, आणि काहीही न सांगता दोन कोरे फोटो तिच्यापुढे ठेवले, एक कपाटावरच्या अंगठ्याचा आणि एक यादीतल्या पहिल्या माणसाचा. नवीला चौदा खुणा सापडल्या. मग जोडीदारांना वेगळं बसवलं. त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच एका जोडीला पाऊण तास लावला. त्यांना तेरा सापडल्या.

ते नाव मिशीवाल्या हवालदारांचं होतं. तळमजल्यावर फाटकाशी बसणारे, येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडवणारे, बाईंना रोज "ताई, आज किती बोटं?" असं विचारणारे. दंतवैद्यबाईंच्या घरात त्या दिवशी सगळ्यात आधी तेच शिरले होते. अहवालात त्यांनी लिहून दिलं होतं, कशालाही हात लावला नाही. बाईंनी त्यांना वर बोलावून फोटो दाखवला. हवालदार बराच वेळ आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिले.

"कपाटाचं दार वाटेत येत होतं ताई," ते हळूच म्हणाले. "अर्धवट उघडं होतं. मी लोटलं असेन. तेवढंच. हात लावणं म्हणजे मला वाटलं... काही उचलणं वगैरे." मग त्यांना पुढचं उमगलं आणि ते खुर्ची न बघताच खाली बसायला गेले. नवीने खुर्ची पुढे सरकवली म्हणून वाचले.

म्हणजे तो ठसा चोराचाही नव्हता, खुन्याचाही नव्हता. एका पोलिसाने वाटेतलं दार लोटलं, एका बाईने त्यात बारा खुणा बघितल्या, एका जोडीदाराने टिंबं बघितली, आणि तेवढ्यावर एक माणूस नऊ वर्षं तुरुंगात बसला. सांगणाऱ्याची सुद्धा जीभ अडखळते, ज्यांनी केलं त्यांचं काय झालं असेल?

साहेबांनी दार लावून घेतलं. "बाई, शुक्रवारी तुम्ही मोकळ्या होताय. सोमवारी नवीन माणूस येईल, तो बघेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडलीये साहेब. काल तुमच्यासमोरच उघडली."

"तुमच्या साडेतीनशे साक्षी आहेत. हे एक प्रकरण उघडलं की प्रत्येक वकील दारात उभा राहील. जे खरोखरचे चोर आहेत ते सुटतील. याचा विचार केलात?"

बाईंनी केला होता, रात्रभर केला होता. "साडेतीनशेच्या साडेतीनशे परत बघायला लागतील," त्या म्हणाल्या. "टिंबं पुसून. मी पगार न घेता येऊन बसेन. पण हा माणूस आधी बाहेर आला पाहिजे." साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कागद पुढे पाठवायला नाही म्हणाले नाहीत. बाईंनी एक पानभर निवेदन लिहिलं. त्यात "नजरचूक" हा शब्द साहेबांनी सुचवला होता, तो त्यांनी खोडला आणि "माझी चूक" असं लिहिलं. जोडीदारांनी ते पान दोनदा वाचून त्यावर सही केली. कोर्टाने पुढच्या महिन्याची तारीख दिली.

गुरुवारी बाईंनी तुरुंगात फोन लावला. निदान त्याच्या घरच्यांना तरी आधी सांगावं, म्हणून भेटीला कोण येतं ते विचारलं. तिकडच्या कारकुनाने पानं उलटली. "कुणी येत नाही."

"हल्ली येत नाही?"

"आलंच नाही कधी. नऊ वर्षांत एकही नोंद नाही. आई आहे म्हणून लिहिलंय, पत्ताही आहे. पण भेट नाही."

शुक्रवारी विभागात निरोपाचा कार्यक्रम होता. बाई तिथे गेल्याच नाहीत. त्या पत्ता घेऊन लिफ्टवाल्याच्या आईकडे गेल्या.

दुसरा मजला, एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. सत्तरीची बाई शिवणयंत्रापाशी बसून शर्टांना काज करत होती. उजवीकडे काज न केलेल्या शर्टांचा ढीग, डावीकडे केलेल्यांचा. दार उघडंच होतं. तिने मान वर केली आणि ओळख सांगायचीही वेळ येऊ दिली नाही.

"तुम्ही त्या साक्षीवाल्या."

बाईंनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी जसं सुचेल तसं सगळं सांगितलं, हवालदार, दार, टिंबं, सगळं. म्हातारी ऐकत होती. हातातल्या शर्टाचं काज अर्धं झालं होतं, ते तिने तेवढ्यात पुरं केलं आणि दोरा तोडला.

"म्हणजे तो गेलाच नव्हता तिथे?"

"त्या ठशावरून तरी तसं म्हणता येत नाही. आणि ठशाशिवाय त्याच्याविरुद्ध काही नव्हतं."

"तेव्हाही तुम्ही अशाच समोर उभ्या राहून बोलला होतात. याहून ठाम." तिचा आवाज चढला नव्हता. "मी त्याला कोर्टाच्या जिन्यात गाठलं. म्हटलं, आता तरी खरं सांग बाबा. त्या बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांचं तुझ्याशी काय वैर? तो म्हणाला, आई, तूसुद्धा? एवढंच म्हणाला. मग मी गेलेच नाही. म्हटलं, म्हातारी मारली याने. मीही म्हातारीच. कुठल्या तोंडाने जाऊ? नऊ वर्षं नाही गेले. तुमच्या शब्दावर."

ठसेबाईंना बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या.

"आता काय, परत तुमच्याच शब्दावर जाऊ?"

"माझ्या शब्दावर नका जाऊ," बाई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही. तो तुम्हाला काय म्हणाला होता?"

खाली रस्त्यावर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा टी-टी आवाज येत होता. म्हातारीने यंत्रावर कापड टाकलं, केलेले शर्ट मोजून बांधून ठेवले, आणि दाराआडून चपला ओढल्या. "किती वाजेपर्यंत भेटू देतात?" तिने विचारलं.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जाड काच होती, दोन्हीकडे एकेक फोन. लिफ्टवाला आला तो चुकून बोलावल्यासारखा इकडेतिकडे बघत आला. डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, खांदे बारीक झालेले. आई दिसल्यावर तो काचेपासून दोन पावलांवर थांबला. मग येऊन बसला आणि फोन उचलला. आधी तोच बोलला.

"एवढे जिने उतरून आलीस? गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत," ती म्हणाली. आणि मग, "तू तेव्हा खरं बोलला होतास."

"हो."

तिने आणखी काही म्हणायचा प्रयत्न केला आणि फोन ठसेबाईंच्या हातात देऊन पदराने तोंड झाकलं. बाईंनी फोन कानाला लावला. "तो ठसा तुमचा नव्हता. चूक माझी होती. मी कोर्टात लिहून दिलंय. पुढच्या महिन्यात तारीख आहे, त्यानंतर तुम्ही बाहेर याल."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला धक्का बसला असेल, राग आला असेल, यातलं काही चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तो आरडाओरडा करेल याची बाईंनी तयारी ठेवली होती. त्याने केला नाही.

"तुम्ही पाणी प्यायला होतात," तो म्हणाला.

"कधी?"

"साक्षीच्या दिवशी. वकिलांनी विचारलं, हा ठसा नक्की याच माणसाचा का? तुम्ही लगेच उत्तर दिलं नाही. समोरचा ग्लास उचलला, पाणी प्यायलात, ग्लास खाली ठेवला. मी तुमच्याकडेच बघत होतो. मला वाटलं, यांना शंका आली. आता या म्हणतील, थांबा, मी परत एकदा बघते. तेवढा वेळ मी श्वास धरून होतो. मग तुम्ही म्हणालात, शंका नाही. तेव्हा आली होती का शंका? मला एवढंच विचारायचंय. इथे आल्यापासून मी तेच धरून बसलोय. वाटायचं, एक तरी माणूस होतं त्या खोलीत, ज्याला क्षणभर वाटलं, की हा नसेल."

ठसेबाईंनी आठवायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. कोर्टाची खोली आठवली, वकिलाचा आवाज आठवला, बाहेर आल्यावर तपास अधिकाऱ्यांनी वाहवा केली तीही आठवली. पाणी काही आठवेना. हो म्हटलं असतं तर तेवढंच त्याला बरं वाटलं असतं. पण या माणसासमोर, न आठवता, पुन्हा एकदा ठामपणे काही सांगायचं?

"नाही," त्या म्हणाल्या. "तहान लागली असेल."

त्याने मान हलवली, आणि फोन परत आईकडे द्यायची खूण केली.